जाहिरातीतले ‘नामवंत माजी विद्यार्थी’: खासगी विद्यापीठाची यादी कशी वाचायची?

बारावीचा निकाल लागला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात खासगी विद्यापीठांच्या जाहिराती सुरू होतात. माहितीपुस्तकात एक पान हमखास असतं: ‘आमचे नामवंत माजी विद्यार्थी’. एखादा अभिनेता, एखादा आमदार, एखादा मोठा उद्योजक. ते पान पाहून घरात चर्चा होते आणि कधी कधी फीसाठी दागिने मोडायची तयारीही होते. म्हणून आधी हे समजून घेऊ की अशा यादीत नावं कशी येतात.

यादीतला प्रत्येक जण तिथला पदवीधर असतोच असं नाही. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण शाहरुख खान. त्यांनी दिल्लीच्या हंसराज कॉलेजमधून अर्थशास्त्राची पदवी घेतली. पुढे जामिया मिल्लियात मास कम्युनिकेशनला प्रवेश घेतला, पण अभिनयासाठी तो अभ्यासक्रम अर्धवट सोडला. तरी जामियाच्या माजी विद्यार्थ्यांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाने 2016 मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली, पण तिथे ते शिकलेले नाहीत. म्हणजे शिकून पदवी घेतलेला, अर्धवट सोडून गेलेला आणि मानद पदवी मिळालेला, हे तीन वेगळे प्रकार झाले. यादीत ते एकाच रांगेत बसू शकतात.

चौथा प्रकार जुन्या कॉलेजचा. विद्याविहारचं सोमय्या संकुल 1959 पासून आहे, पण सोमय्या विद्याविहार विद्यापीठ 2019 मध्ये झालं. त्याआधी तिथल्या कॉलेजांत शिकलेल्यांच्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचं नाव आहे. यात फसवणूक काही नाही, संस्था तीच आहे. पण जुन्या विद्यार्थ्यांचं यश नव्या विद्यापीठाच्या पदवीची बाजारातली किंमत सांगत नाही. म्हणून विद्यापीठाचं स्थापना वर्ष आणि यादीतल्या माणसाचं पदवीचं वर्ष शेजारी ठेवून बघा.

लहान किंवा नवं विद्यापीठ म्हणजे वाईटच, असंही नाही. धोंडो केशव कर्वे यांनी 1916 साली पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केलं तेव्हा विद्यार्थिनी होत्या फक्त पाच. तिथल्या पदवीचं नाव होतं ‘गृहीतागमा’. दाखवायला एकही नामवंत माजी विद्यार्थिनी नव्हती. आज तेच एसएनडीटी म्हणून देशभर ओळखलं जातं. पण कायद्याने वैधानिक दर्जा मिळायला 1951 साल उजाडलं, म्हणजे पस्तीस वर्षं गेली. आपल्या मुलाला तेवढी वाट पाहता येणार नाही. त्यामुळे मान्यतेची चौकशी आधी, बाकी सगळं नंतर.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या वेबसाइटवर राज्यवार खासगी विद्यापीठांची यादी आहे आणि बोगस विद्यापीठांचीही वेगळी यादी आहे. दोन्ही पाहा. खासगी विद्यापीठाला बाहेरच्या कॉलेजला किंवा क्लासला संलग्नता देता येत नाही. म्हणून आपल्या गल्लीतल्या क्लासच्या पाटीवर परराज्यातल्या खासगी विद्यापीठाचं ‘सेंटर’ दिसलं तर सावध व्हा. दूरशिक्षण किंवा ऑनलाइन पदवी असेल तर त्या वर्षासाठी, त्याच कोर्सला यूजीसीची मान्यता आहे का, हे पाहा. इंजिनीअरिंगला एआयसीटीई, फार्मसीला फार्मसी कौन्सिल, वकिलीला बार कौन्सिल यांची मान्यताही तपासावी लागते.

मुलींच्या पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. बागवान, तांबोळी, मोमीन अशा ओबीसी यादीतल्या आपल्या बिरादरींनाही ती लागू होते. मात्र खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या सवलतीतून वगळलेली आहेत. म्हणजे तीच मुलगी, तोच कोर्स, पण सरकारी किंवा विनाअनुदानित संलग्न कॉलेजात फी माफ आणि खासगी विद्यापीठात पूर्ण फी. हा फरक लाखांत जाऊ शकतो.

मग विद्यापीठाला विचारायचं काय? नामवंत दहा जणांची नावं राहू द्या. तुमच्या मुलाच्या कोर्समधून गेल्या तीन वर्षांत किती मुलं बसली, किती वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि मधला पगार किती, हे विचारा. मधला म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मध्यावर येणारा. सर्वात मोठं पॅकेज एकाच मुलाचं असू शकतं. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना हीच आकडेवारी द्यावी लागते आणि आपल्या वेबसाइटवरही ठेवावी लागते. ती उघडून बघा, समजत नसेल तर मोहल्ल्यातल्या एखाद्या शिक्षकाला दाखवा.

जमलं तर त्याच कोर्समधून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला, आपल्याच भागातला एखादा मुलगा किंवा मुलगी शोधा. पदवीचं सर्टिफिकेट कधी हातात आलं, त्यावर कोणाचं नाव आहे, नोकरी कॉलेजने मिळवून दिली की स्वतः शोधावी लागली, हे निवांत विचारा. आणि हे सगळं अ‍ॅडव्हान्स भरण्याआधी करा. प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, तेही लेखी घ्या.