माणसं रक्त का देतात?

पैशासाठी तर नाहीच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात रक्त विकण्यावर बंदी आली. उरतात नाती, श्रद्धा आणि ओळखीच्या पोराचा ‘चला हो, दहा मिनिटांचं काम’ हा आग्रह. आमच्या मते शिबिरं भरतात ती यावरच!

सिंदखेड राजा ही जिजाऊंची जन्मभूमी. त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यात १२ जानेवारीच्या जयंतीला रक्तदानाचं निमित्त आयतंच मिळतं. पण लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम पाच. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद, लग्नसराई जोरात. तेव्हा जानेवारीतल्या पिशव्या उरलेल्या नसतात. जयंतीला रक्त दिलेला पुरुष मात्र ९० दिवसांनी, ऐन एप्रिलात, पुन्हा पात्र ठरतो. स्त्री १२० दिवसांनी, मे महिन्यात.