रुग्णालयातील गणवेश आणि सणाचे सोंग : एक समाजशास्त्रीय विवेचन

अमेरिकेत दर वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी हॅलोवीन साजरा होतो. ख्रिस्ती पंचांगातील सर्वसंतदिनाच्या पूर्वसंध्येचा हा उत्सव एकोणिसाव्या शतकात प्रामुख्याने आयरिश व स्कॉटिश स्थलांतरितांबरोबर त्या देशात गेला. त्या संध्याकाळी मुले भूत, चेटकीण, सांगाडा इत्यादिकांची सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत हिंडतात. ही प्रथा घरांपुरती राहिलेली नाही. शाळा व कचेऱ्या यांच्याप्रमाणे ती रुग्णालयांतही शिरली आहे. नाताळात डोक्यावर लाल टोपी घालणारी परिचारिका आणि हॅलोवीनला सोंग घेऊन कामावर येणारा सेवक ही तेथील परिचित दृश्ये होत. रुग्णसेवकांनी असे सोंग घ्यावे किंवा काय, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. तथापि त्याचा विचार करू लागताच गणवेशाचे कार्य कोणते आणि आनंद कोणाच्या खर्चाने साजरा करावयाचा, हे दोन मूलभूत प्रश्न त्यातून उपस्थित होतात.

(१) गणवेशाची भाषा

वैद्याचा शुभ्र झगा हा फार प्राचीन नव्हे. टॉमस ईकिन्स या अमेरिकन चित्रकाराने १८७५ साली रंगविलेल्या शस्त्रक्रियेच्या चित्रात शल्यवैद्य ग्रॉस व त्यांचे सहकारी नित्याच्या काळ्या कोटात उभे आहेत. त्याच चित्रकाराने १८८९ साली रंगविलेल्या दुसऱ्या चित्रात शल्यवैद्य ॲग्न्यू व त्यांचे सहकारी पांढऱ्या वस्त्रांत दिसतात. या दोन चित्रांमधील अवघ्या चौदा वर्षांत, जोसेफ लिस्टर यांनी १८६७ साली प्रसिद्ध केलेल्या जंतुनाशक पद्धतीचा प्रभाव अमेरिकेत दृढ झाला होता. अर्थात पांढरा रंग हा आरंभी स्वच्छतेचा पुरावा होता. अधिकाराचे चिन्ह तो पुढे झाला.

हे चिन्ह रुग्णाच्या मनावरच नव्हे, तर शरीरावरही परिणाम करते. रक्तदाब मोजण्यासाठी वैद्य खाटेजवळ येताच रुग्णाचा रक्तदाब वाढतो, असे मान्चिया व त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी १९८३ साली दाखवून दिले. पुढे ‘पांढऱ्या कोटाचा रक्तदाब’ अशा अर्थाची संज्ञा वैद्यकात रूढ झाली. तेव्हा गणवेश रुग्णाला केवळ आश्वासन देतो असे नव्हे. तो भीतीही निर्माण करतो. सणाच्या वेशाचा पुरस्कार करणारे नेमके येथूनच आरंभ करतात.

(२) सोंगाच्या बाजूने

त्यांचे म्हणणे असे की, रुग्णालयात माणूस आपले कपडे, आपले वेळापत्रक व आपला एकांत गमावतो. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात मनोरुग्णालयांच्या संदर्भात या हिरावून घेण्याचे विस्तृत वर्णन केले आहे. अशा स्थळी एखादी विनोदी टोपी बाहेरच्या जगाची, सणावाराची, कालगणनेची आठवण देते. सदैव आजाराच्या सान्निध्यात राबणाऱ्या सेवकवर्गालाही थोडा विसावा मिळतो.

या युक्तिवादाला प्रत्यक्ष आधार आहे. न्यूयॉर्कमध्ये १९८६ साली मायकेल क्रिस्टेनसन या सर्कशीतील विदूषकाने मुलांच्या रुग्णालयात विदूषकांचे पथक नेण्यास प्रारंभ केला. पुढे ही कल्पना अनेक देशांत पसरली. इटलीत झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ४० मुलांचे दोन गट करण्यात आले. एका गटासमवेत पालक व विदूषक होते, दुसऱ्यासमवेत केवळ पालक. भूल देण्याच्या वेळी पहिल्या गटातील मुले कमी घाबरलेली आढळली. येथे दोन गोष्टी ध्यानात घेणे अवश्य आहे. मुलाला लाभ होतो हे मान्य करूनही शस्त्रक्रियागृहातील बहुसंख्य सेवकांनी हा उपक्रम चालू ठेवण्यास विरोध दर्शविला, कारण त्यामुळे कामात व्यत्यय येतो असे त्यांना वाटले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हे विदूषक वैद्य नव्हते. सुई टोचणारा हात आणि रंगविलेला चेहरा या दोन भिन्न व्यक्ती होत्या. विदूषकाला मुलाने ‘जा’ म्हटले तर तो जाऊ शकतो. परिचारिकेला औषध दिल्यावाचून जाता येत नाही.

(३) सोंगाचा भार कोणावर?

मराठीत ‘वेश’ आणि ‘सोंग’ हे शब्द समानार्थी नाहीत. वेश माणूस कोण आहे ते सांगतो. सोंग तो जो नाही ते दाखविते. सोंगाची गंमत पाहणाऱ्याने ते ओळखण्यात असते, आणि ओळखण्यासाठी पाहणाऱ्याचे भान शाबूत असावे लागते. रुग्णालयात नेमकी हीच अट पुष्कळदा पुरी होत नाही. वृद्ध व अत्यवस्थ रुग्णांमध्ये वैद्यक ज्यास डेलिरियम म्हणते ती संभ्रमावस्था वारंवार आढळते. तीत लक्ष स्थिर राहत नाही, माणसे ओळखू येत नाहीत, नसलेल्या आकृती दिसू लागतात. अशा रुग्णाच्या खाटेशी रात्री सांगाड्याचा मुखवटा उभा राहिला, तर त्याला सोंग म्हणून पाहण्याची शक्ती त्याच्यापाशी नसते. मनोरुग्णांच्या बाबतीत तर सोंगाचा विषयच अपमानकारक ठरू शकतो. हॅलोवीनसाठी विकावयास ठेवलेला ‘मनोरुग्णा’चा पोशाख ब्रिटनमधील दोन मोठ्या दुकानांना २०१३ साली लोकक्षोभामुळे मागे घ्यावा लागला, ही घटना या दृष्टीने बोलकी आहे.

ओळखीचा प्रश्न सोंग नसतानाही बिकट असतो. स्वतः कर्करोगाने आजारी असलेल्या केट ग्रेंजर या ब्रिटिश वैद्य महिलेला असे आढळून आले की, आपल्यावर उपचार करणाऱ्यांपैकी अनेक जण आपले नावही सांगत नाहीत. त्यांनी २०१३ साली, प्रत्येक सेवकाने प्रथम आपले नाव सांगावे, एवढ्याच आग्रहाची एक चळवळ सुरू केली. जेथे साधे नाव कळणे दुर्घट, तेथे मुखवट्याने अज्ञानात भरच पडावयाची.

याहून गंभीर प्रश्न प्रसंगाचा आहे. अमेरिकेतील १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या अपघातांची एक पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. हॅलोवीनच्या सायंकाळची तुलना तिच्या एक आठवडा आधीच्या व एक आठवडा नंतरच्या सायंकाळशी केली असता पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका ४३ टक्क्यांनी अधिक दिसून आला. लहान मुलांच्या बाबतीत ही वाढ विशेष मोठी होती. म्हणजे ज्या रात्री अपघात विभागातील वैद्य सोंगात असण्याचा संभव सर्वाधिक, त्याच रात्री रस्त्यावर चिरडलेले मूल तेथे आणले जाण्याचा संभवही नेहमीपेक्षा अधिक. मुलाच्या मृत्यूची वार्ता आईबापांना सांगण्यास येणारा वैद्य कोणत्या वेशात असेल, हा प्रश्न येथे शोभेचा राहत नाही. त्या घटकेचे दृश्य आईबापांच्या स्मृतीत आयुष्यभर राहणार असते.

या ठिकाणी गॉफमन यांचीच दुसरी कल्पना उपयोगी पडते. १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘भूमिकेपासून अंतर’ या विषयावरील निबंधात त्यांनी शस्त्रक्रियागृहातील थट्टामस्करीचे विश्लेषण केले आहे. प्रमुख शल्यवैद्य विनोद करून सहकाऱ्यांवरील ताण हलका करतो. त्यामुळे कामाची शिस्त ढळत नाही, उलट टिकून राहते. परंतु शाब्दिक विनोदाचा एक गुण असा की, नाडी बिघडताच तो तत्क्षणी थांबतो. अंगावर चढविलेला विनोद तसा थांबत नाही. सोंग आणि थट्टा यांतील निर्णायक भेद तो हाच.

(४) संसर्गाचा मुद्दा

सोंगाविरुद्ध आरोग्यदृष्ट्या घेतले जाणारे आक्षेप सारख्याच वजनाचे नाहीत. कृत्रिम नखांविषयीचा आक्षेप भक्कम आहे. अत्यवस्थ रुग्णांशी संबंध येणाऱ्यांनी ती वापरू नयेत, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००२ साली सुचविले. लांब बाह्या व झुलत्या झग्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. कोपराखाली हात उघडे ठेवण्याचे धोरण ब्रिटिश आरोग्यखात्याने २००७ साली जाहीर केले. परंतु कपड्यांमुळे रुग्णांना संसर्ग होतो याचा निर्णायक पुरावा त्या वेळीही उपलब्ध नव्हता. हात नीट धुता यावेत, हा त्यामागील समर्थनीय हेतू. यास्तव संसर्गाचे कारण पुढे करून सर्वच सणाच्या चिन्हांवर बंदी घालणे शास्त्राला धरून होणार नाही. कोटावरील एखाद्या छोट्या चिन्हाने हात धुण्यास अडथळा येत नाही.

(५) निष्कर्ष

इंग्लंडमधील रुग्णालयांत नाताळची एक जुनी प्रथा होती. परिचारिकांच्या गडद निळ्या झग्याला आतून लाल अस्तर असे. नाताळच्या पूर्वसंध्येला त्या हा झगा उलटा करून पांघरीत आणि हाती दिवे घेऊन, नाताळची गीते गात रुग्णकक्षांतून फिरत. सणाचा रंग गणवेशातूनच बाहेर येई. चेहरा उघडा राही, परिचारिका ही परिचारिकाच दिसे, आणि कोणी हाक मारताच झगा क्षणात काढून ठेवता येई.

या प्रथेत विवेकाच्या तीनही कसोट्या सामावलेल्या आहेत. पहिली, सेवकाचा चेहरा, नाव व अधिकार ओळखू यावा. दुसरी, सणाचे चिन्ह एका क्षणात उतरविता यावे व त्याने हात धुण्यास बाध येऊ नये. तिसरी, मृत्यू, रक्त, वेड यांची थट्टा तीत नसावी. कारण बाहेर जी कल्पित भीती ती आत खरी असते. या कसोट्यांवर लाल टोपी बहुधा उतरेल, सांगाड्याचा मुखवटा उतरणार नाही; आणि अपघात विभाग, अतिदक्षता कक्ष व मनोरुग्ण विभाग यांत सोंगाला मुळीच थारा नसावा. मुलांच्या कक्षात आनंद हवाच. तेथे तो आणण्याचे काम अशा व्यक्तीकडे असावे की, जिला नकार देण्याचा अधिकार मुलाला आहे.

रुग्ण हा सणाचा निमंत्रित पाहुणा नव्हे. तो तेथे निरुपायाने आलेला असतो. म्हणून सण कोणता, यापेक्षा तो ज्याच्या खाटेशी साजरा होतो त्याला त्यातून बाहेर पडण्याची मोकळीक आहे की नाही, यावरच या प्रश्नाचा निर्णय अवलंबून राहील.