दाजिबाला हाक मारली कुणी?

मैत्रिणींनो, 'ऐका दाजिबा' म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? मिलिंद गुणाजी आणि ईशिता अरुण, तो ठसका, तो नाच. पण गाणं म्हटलंय कुणी, असं विचारा. निम्म्या जणी गप्प! तो आवाज वैशाली सामंत यांचा.

2002-03 च्या सुमारास 'सागरिका'नं हा अल्बम काढला. संगीत अवधूत गुप्ते यांचं. हाक अगदी आपल्या घरातली. आपल्या जालना-अंबडकडे बहिणीचा नवरा म्हणजे दाजी, आणि दाजीची फिरकी घ्यायचा पहिला मान मेहुणीचा. ठेका मात्र पॉपचा. गंमत म्हणजे हे गाणं एमटीव्हीसारख्या वाहिन्यांवर, हिंदी-पंजाबी गाण्यांच्या रांगेत ऐटीत जाऊन बसलं. नाकं मुरडणारे होतेच. 'ही काय लोकगीतं?' म्हणायचे, आणि पाय मात्र ठेका धरायचे!

अमेरिकेत गावाकडच्या मातीतल्या गाण्यांना 'कंट्री' म्हणतात. तिथलं 'बिलबोर्ड' मासिक 1944 पासून त्यांची वेगळी क्रमवारी छापतंय. बाईच्या आवाजातल्या रेकॉर्डी खपत नाहीत, असं तिथल्या कंपन्या खुशाल म्हणायच्या. 1952 मध्ये किटी वेल्स नावाच्या लेकुरवाळ्या बाईचं गाणं त्या यादीत पहिलं आलं. एका पुरुषाच्या गाण्यात बाईला लावलेला बोल तिनं गाण्यातूनच परतवला होता. काही रेडिओवाल्यांनी ते लावायलाही नकार दिला, तरी खपलंच.

आपल्याकडे मराठी गाण्यांची अशी यादी कोण वाचत बसलंय? आपली मोजदाद वेगळी. बँडवाल्यानं गाणं बसवलं की ते चाललं म्हणायचं. हळदीला, गॅदरिंगला, गणपतीत 'दाजिबा' वाजलं नाही असं व्हायचं नाही. वरातीत लांबून बघणाऱ्या बायका-पोरीही या गाण्याला हळूच रिंगणात शिरल्या. ही संख्या कुठल्या वहीत लिहिणार, सांगा बरं!

पुढं अजय-अतुल यांच्या 'जत्रा' सिनेमात आनंद शिंदे यांच्यासोबत 'कोंबडी पळाली' म्हणणाऱ्याही वैशालीताईच. ते तर गल्लीबोळात वाजलं. 2012 मध्ये 'अग्निपथ'मध्ये तीच चाल 'चिकनी चमेली' होऊन आली आणि देशभर गाजली. तिथं आवाज श्रेया घोषाल यांचा, नाच कतरिना कैफचा. श्रेयाजींनी म्हटलंय झकासच, त्यात वाद नाही. पण चालीला आधी ज्या आवाजानं धार लावली, तो आवाज मागंच राहिला, हे मला आजही खटकतं.

कॅसेटच्या कागदावर गायिकेचं नाव निदान बारीक अक्षरात तरी असायचं. आता मोबाईलवर गाणं लावलं की खाली नाव येतं, तेवढं वाचायची सवय आम्ही घरात लावून घेतलीय. धाकटी भाची तर आता नाव झाकून आम्हालाच विचारते, "सांगा, कोण गातंय?"