नौकेच्या डिझेल इंजिनातील शीतक-गळती : निदान व दुरुस्ती

सांगली परिसरात कृष्णाकाठी पाणी उपसणाऱ्या जुन्या डिझेल इंजिनांत पंपाचेच थोडे पाणी इंजिनाभोवती फिरून बाहेर पडे. किरकोळ गळतीने फारसे बिघडत नसे. मागून नवे पाणी येतच असे. नौकेतील बंद शीतन-व्यवस्थेत मात्र मोजकेच शीतक, म्हणजे कूलंट, पुनःपुन्हा फिरते व हीट एक्स्चेंजरमध्ये आपली उष्णता बाहेरच्या पाण्याला देते. सातारा जिल्ह्यातील शिवसागर जलाशयात, बामणोली-तापोळा परिसरात, असे इंजिन तापून बंद पडल्यास प्रवासी भर पाण्यात अडकतात.

होजचा क्लॅम्प सैल झाला तर गळती दिसते. तो आवळावा किंवा होज बदलावा. वॉटर पंपाखालचे बारीक छिद्र गळू लागले की ते बुजवण्याचा मोह होतो. वस्तुतः आतील सील झिजल्याची ती सूचना असते. छिद्र बुजवल्यास पाणी बेअरिंगमध्ये शिरते.

सर्वांत फसवी गळती हीट एक्स्चेंजरच्या नळीतील. बंद व्यवस्थेतील दाब अधिक असल्याने शीतक बाहेरच्या पाण्यात मिसळते आणि त्याच्यासह धुराच्या नळीवाटे निघून जाते. नौकेचा तळ कोरडाच राहतो. समुद्रात खाऱ्या पाण्याची गळती सांध्यावरील मिठाच्या थरावरून निराळी ओळखता येते. शिवसागराच्या गोड्या पाण्यात ती सोय नाही. तेथे शीतकाचा रंग आणि दाब-चाचणी यांवरच भिस्त. इंजिन थंड असताना टोपणावर नोंदलेल्या दाबाइतकी हवा हातपंपाने भरावी. काटा उतरूनही बाहेर ओल नसेल, तर एक्स्चेंजर काढून तपासावा. तो निर्दोष निघाल्यास हेड गॅस्केटकडे वळावे. नुसते पाणी भरत राहिल्यास शीतकातील गंजरोधक विरळ होते व नळ्या अधिकच झिजतात.