जुळवून घेणारे जाळीचे फाटक

डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी विभागात, ठाण्यातील नौपाड्याच्या आतल्या गल्ल्यांत किंवा कल्याणच्या जुन्या बैठ्या घरांच्या वस्तीत जेथे अंगण अजून टिकून आहे, तेथे फाटकही टिकून आहे. मात्र त्यातील पुष्कळशा फाटकांखाली फरशीवर एक अर्धवर्तुळाकार ओरखडा दिसतो. घरातील माणसे फाटक पायाने किंचित उचलून उघडतात, तसेच लावतात, आणि वर्षानुवर्षे या कसरतीची सवय होऊन जाते. फाटक घासू लागले की वेल्डरला बोलवायचे, खालची पट्टी कापायची आणि दोन पावसाळ्यांनी पुन्हा तेच करायचे, हा क्रमही नित्याचा झाला आहे.

फाटक घासण्याची कारणे तीन. खांब कलतो, चौकट लोंबते किंवा खालची जमीन वर येते. पहिली दोन कारणे सर्वत्र आढळतात. तिसरे आपल्या परिसरात विशेष जाणवते. डांबरी रस्त्यावर नवे थर चढले, पुढे काँक्रीट आले आणि अनेक जुनी घरे रस्त्यापेक्षा खाली गेली. २६ जुलै २००५च्या महापुराचा अनुभव घेतलेल्या कितीतरी कुटुंबांनी अंगणात भराव घालून जमीन उंचावली. घर तेच, खांब तेच, फाटकही तेच. पण पायाखालची पातळी बदलली. अशा ठिकाणी हवे असते ते मोजमाप बदलले तरी पुन्हा जुळवून घेता येईल असे फाटक. जाळीचे, सरकत्या चौकटीचे फाटक ही गरज चांगल्या रीतीने भागवते.

जुळवून घेणारी वाट आपल्याला नवी नाही. कोकणातील घराच्या वाटेवरचे बेडे हे त्याच जातीचे. दोन खांबांना भोके पाडायची आणि त्यांतून आडवे बांबू सरकवायचे. बैलगाडी यायची असेल तर सारे बांबू काढावेत, माणूस यायचा असेल तर एक-दोन. चेनलिंक जाळी त्यामानाने अलीकडची. १८४४ मध्ये इंग्लंडमधील नॉर्विच येथे चार्ल्स बर्नार्ड यांनी कापडाच्या मागाच्या धर्तीवर तार विणण्याचे यंत्र तयार केले आणि तेथून ही जाळी जगभर गेली. भारतात जस्ताचा मुलामा दिलेल्या अशा जाळीसाठी आयएस २७२१ हे मानक आहे.

वजनाचा हिशेब

जाळी निवडण्याचे पहिले कारण वजन हे आहे. दोन मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा एका चौरस मीटरला सुमारे १५.७ किलो भरतो. ५० मिलिमीटर घराची, सुमारे सव्वातीन मिलिमीटर तारेची जाळी तेवढ्याच क्षेत्राला तीन किलोच्या आसपास भरते. तीन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच फाटकाला साडेचार चौरस मीटर आवरण लागते. पत्रा घेतला तर सत्तर किलो, जाळी घेतली तर तेरा-चौदा किलो. चौकटीचे वजन दोन्हीकडे वेगळे धरावे.

हा केवळ पैशाचा किंवा सोयीचा प्रश्न नव्हे. जुलै २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडमधील बोपखेल येथे सरकते लोखंडी फाटक अंगावर कोसळून एका चिमुरड्या मुलीचा मृत्यू झाला. फाटकाशी खेळणे हा मुलांचा स्वभाव आहे. तेव्हा फाटक निसटणार नाही याची तजवीज करणे आणि निसटलेच तर ते जीवघेणे ठरू नये इतके हलके ठेवणे, ही दोन्ही कामे मोठ्यांची आहेत.

जाळीचे आणखी दोन गुण आपल्या हवामानात मोलाचे ठरतात. जोराच्या वाऱ्याला ती अडवत नाही, त्यामुळे पावसाळी वादळात खांबावर पत्र्याएवढा दाब येत नाही. आणि अंगणात पाणी शिरले तर ते बाहेर पडण्यास वाट राहते. आडोसा मिळत नाही, हा तिचा उणेपणा. तो वेल चढवून काही अंशी भरून काढता येतो. मात्र वेल फाटकावर न चढवता बाजूच्या कुंपणावर चढवावी, नाहीतर वाचवलेले वजन पुन्हा परत येते. जाळीवर प्लास्टिकचा कागद बांधण्याचा मोहही टाळावा. वारा अडला की जाळीचा पत्राच होतो.

सरकती चौकट

तीन मीटरच्या वाटेला एकच झडप न करता दीड-दीड मीटरच्या दोन झडपा कराव्यात. प्रत्येक झडपेचे उभे पाइप सव्वा इंची घ्यावेत. आडव्या पाइपांचे दोन भाग करावेत: एक सव्वा इंची, दुसरा एक इंची. मध्यम प्रतीच्या सव्वा इंची पाइपाचा आतील व्यास सुमारे ३६ मिलिमीटर असतो आणि एक इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ३३.७ मिलिमीटर. त्यामुळे एक पाइप दुसऱ्यात सहज सरकतो. मध्यम प्रतीच्या पाइपावर निळा पट्टा असतो, हलक्या प्रतीवर पिवळा आणि जाड प्रतीवर तांबडा. खरेदी करताना तो पाहून घ्यावा.

चौकट पूर्ण ताणली तरी आतला पाइप बाहेरच्या पाइपात किमान एक फूट राहिला पाहिजे. हवी ती रुंदी मिळाली की आरपार दोन बोल्ट घालून सांधा पक्का करावा. तेथे वेल्डिंग करू नये, कारण मग सरकत्या चौकटीचा हेतूच संपतो. चौकट काटकोनात आहे की नाही हे पाहण्याची जुनी रीत सर्वांत विश्वासार्ह आहे. दोन्ही कर्ण मापावेत. ते सारखे भरले तर चौकट सरळ आहे.

ताण कोणत्या दिशेला?

चौकट लोंबू नये म्हणून तिरकी सळई लावतात. ती कोणत्या कोपऱ्यातून कोणत्या कोपऱ्यात न्यावी, यात पुष्कळ घोळ होतो. सळई किंवा तारदोर फक्त ओढ सहन करतो, रेटा सहन करत नाही. म्हणून तो बिजागरीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यापासून कडीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत जावा. मग लोंबू पाहणारे टोक वरच्या बिजागरीलाच टांगले जाते. लाकडी किंवा जाड पाइपाचा टेकू द्यायचा असेल, तर त्याची दिशा याच्या नेमकी उलट: बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यापासून कडीच्या वरच्या कोपऱ्याकडे.

सळईच्या मध्यावर टर्नबकल बसवावे. हा दोन्ही बाजूंनी आटे असलेला ताणपेच हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. दीड मीटर चौरस झडपेचे टोक दोन सेंटिमीटर खाली आले असेल, तर हा कर्ण सुमारे दीड सेंटिमीटर आखडला की ते पुन्हा वर येते. पान्याचे काही फेरे पुरतात. वेल्डरची गरज पडत नाही.

खांब आणि पाया

अशी एक झडप सारे धरून सुमारे तीस किलो भरते. दोन बिजागऱ्यांत १.२ मीटर अंतर असेल, तर वरच्या बिजागरीवर साधारण १९ किलोची आडवी ओढ येते. आता वीस किलो वजनाचे मूल झडपेच्या मोकळ्या टोकाला लोंबकळले असे समजा. त्याच्यामुळे पडणारी जादा ओढ २५ किलोची. म्हणजे झडपेपेक्षा हलके असलेले मूल बिजागरीवर झडपेपेक्षा जास्त ताण आणते. बिजागऱ्या जवळजवळ लावल्या तर ही ओढ आणखी वाढते. म्हणून त्यांतील अंतर शक्य तेवढे जास्त ठेवावे.

खांब अडीच ते तीन इंची मध्यम पाइपाचा असावा. पायाचा खड्डा दीड फूट लांब-रुंद आणि अडीच ते तीन फूट खोल घ्यावा. ठाणे खाडीच्या बाजूला आणि नव्या वसाहतींत जमीन भरावाची असते. तेथे घट्ट मुरूम लागेपर्यंत खोल जावे. दोन्ही खांब झडपांच्या ओढीने एकमेकांकडे कलतात. वाटेखालून दोन्ही पायांना जोडणारी काँक्रीटची पट्टी घातली की हा दोष राहत नाही. खांब ओळंब्यात उभा आहे हे दोन बाजूंनी तपासावे, काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारावे आणि त्यानंतरच झडप टांगावी.

खणण्यापूर्वी एक चौकशी अवश्य करावी. फाटकाची जागा ही बहुधा पाण्याची जोडणी, महावितरणची केबल आणि महानगर गॅसची वाहिनी घरात येण्याचीही जागा असते. पहारीचा पहिला घाव घालण्यापूर्वी या तिन्हींचा मार्ग माहीत करून घ्यावा.

खांबाची उंची ठरवताना झडपेपेक्षा सहा-आठ इंच जास्त धरावी. बिजागऱ्या खांबाला वेल्ड न करता नटबोल्टने आवळायच्या क्लॅम्पच्या घ्याव्यात. उद्या रस्ता किंवा अंगण चार इंचांनी वर आले, तर क्लॅम्प सैल करून सारी झडप तेवढीच वर सरकवता येते. वरच्या बिजागरीची पिन मात्र उलटी, तोंड खाली करून बसवावी. त्यामुळे झडप उचलून बाहेर काढता येत नाही. भंगारचोरालाही नाही आणि खेळणाऱ्या मुलालाही नाही.

आत उघडणारे फाटक आणि उतार

कुंपणाचे फाटक संपूर्णपणे आपल्या हद्दीतच उघडले पाहिजे, रस्त्यावर किंवा पदपथावर नव्हे, असे बांधकामविषयक नियम सांगतात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या क्षेत्रात डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. एमआयडीसीच्या क्षेत्रात नियोजन प्राधिकरण ते महामंडळच असते. कुंपणाच्या उंचीचे बंधन आणि परवानगी यासाठी योग्य कार्यालयात विचारणा करून मगच काम सुरू करावे. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक फाटकाचा निर्णय सभेत व्हावा. उंच इमारतींच्या बाबतीत अग्निशमन गाडीला वाट मोकळी राहील अशा रीतीने फाटक मागे दुमडून कुंपणाला टेकले पाहिजे, हेही ध्यानात ठेवावे.

आत उघडायचे ठरले की प्रश्न येतो उताराचा. घर रस्त्यापेक्षा खाली असेल तर झडप आत जाताना जमीन खाली जाते, अडचण येत नाही. पण भराव घालून अंगण उंच केले असेल, तर झडप चढावर आदळते. बारा फुटांस एक फूट चढ असेल, तर दीड मीटरच्या झडपेखाली जमीन साडेबारा सेंटिमीटरने वर येते. तीन मीटरच्या एकसंध झडपेखाली पंचवीस सेंटिमीटरने. दोन झडपा करण्याचे हे दुसरे कारण. झडपेची खालची कड ठरवताना फाटकाच्या रेषेतील जमीन न पाहता झडप फिरते त्या साऱ्या भागातील सर्वांत उंच जागा पाहावी आणि तिच्यापेक्षा एक-दोन इंच वर राहावे. बंद फाटकाखाली उरणारी फट जाळीचीच लोंबती पट्टी लावून झाकता येते.

झडप स्थिर करणाऱ्या उभ्या दांड्यासाठी जमिनीत पाइपाचा तुकडा पुरतात. त्याचे तळ बंद ठेवू नये. खाली खडीचा थर द्यावा. नाहीतर पावसाळाभर त्यात पाणी साचते आणि डासांची सोय होते.

जाळी आणि गंज

चौकट टांगून, जुळवून झाल्यावर शेवटी जाळी लावावी. चेनलिंकची गंमत अशी, की ती कापावी लागत नाही. एक उभी तार टोकाशी सोडवून मळसूत्रासारखी फिरवत बाहेर काढली की जाळीचे दोन भाग होतात. तीच तार पुन्हा फिरवत आत घातली की दोन तुकडे सांधले जातात. चौकट पुढे रुंद करावी लागली तर याच रीतीने जाळीची पट्टी वाढवता येते. जाळीच्या दोन्ही कडा वळवून बंद केलेल्या असाव्यात. पिळून टोके मोकळी सोडलेली कड मुलांच्या हाताला लागते.

डोंबिवलीच्या हवेविषयी येथील रहिवाशांना वेगळे सांगायला नको. जानेवारी २०१४ मधील हिरवा पाऊस आणि फेब्रुवारी २०२० मधील गुलाबी रस्ता अजून कुणी विसरलेले नाही. जस्त हे लोखंडाचे चिलखत खरे, पण आम्लयुक्त ओलावा ते लवकर खातो. म्हणून औद्योगिक पट्ट्यात आणि खाडीकाठी जस्ताचा जाड थर असलेली किंवा वर पीव्हीसीचे आवरण असलेली जाळी घ्यावी. वेल्डिंग केले तेथील जस्त जळते. गंज प्रथम तेथेच धरतो, तेव्हा तो भाग घासून त्यावर जस्तयुक्त रंग द्यावा. जस्तावर वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर अपायकारक असतो. ते काम उघड्या जागेत आणि मुखपट्टी लावूनच करून घ्यावे. पाइपांची सारी उघडी तोंडे टोपण घालून बंद करावीत, कारण पाइप आतून गंजलेला बाहेरून दिसत नाही.

एवढे झाल्यावर देखभाल फार उरत नाही. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुमारास, बोल्ट आवळावेत, बिजागरीत ग्रीस भरावे, कर्ण मापावा आणि गरज वाटल्यास टर्नबकल फिरवावे. अर्ध्या तासाचे काम. रस्त्याची उंची आपल्या हाती नसते, पावसाचे प्रमाणही नसते. फाटक मात्र आपले असते, आणि ते बदलत्या जमिनीशी जुळवून घेणारे असले की पायाने उचलण्याची ती जुनी कसरत पुढच्या पिढीला शिकवावी लागत नाही.