आकड्यांच्या मैदानातली संघबांधणी

ऑनलाइन बेसबॉल व्यवस्थापनाच्या खेळात भाग घेणारा बॅट फिरवत नाही आणि चेंडूही फेकत नाही. तो संघाचा मालक आणि व्यवस्थापक असतो. खेळाडू निवडणे, पगाराचे पैसे वाटणे, घरचे मैदान ठरवणे, फलंदाजीचा क्रम लावणे, पिचरना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांना, विश्रांती देणे ही त्याची कामे. सामना संगणक खेळवतो. फलंदाज आणि पिचर समोरासमोर आले की दोघांच्या नोंदींवरून होम रन, साधा फटका, वॉक (फटक्याविना मिळणारा पहिला बेस) किंवा बाद यांची शक्यता काढली जाते आणि एका रँडम आकड्याने निकाल लागतो. फँटसी लीगमध्ये प्रत्यक्ष मैदानावरच्या कामगिरीचे गुण मिळतात. इथे सामनाच संगणकात घडतो, म्हणून १९०८चा पिचर २००१च्या फलंदाजाला चेंडू टाकू शकतो.

या खेळाचे मूळ संगणकापूर्वीचे आहे. अमेरिकेत हॅल रिचमन यांनी १९६१ साली ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा पत्ते आणि फाशांचा बेसबॉल खेळ बाजारात आणला. प्रत्येक खेळाडूचे एक कार्ड असे, त्यावर त्याच्या खऱ्या हंगामाच्या आकडेवारीनुसार शक्यता छापलेल्या असत आणि फासे निकाल देत. पुढे फाशांची जागा संगणकाने घेतली. आज ‘वॉटइफस्पोर्ट्स’सारख्या संकेतस्थळावर इतिहासातले खेळाडू निवडून २५ जणांचा संघ बांधता येतो. जर्मनीच्या मार्कुस हाइनझोन यांनी १९९०च्या दशकाअखेरीस सुरू केलेल्या ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’मध्ये एखादा क्लब अनेक वर्षे चालवता येतो.

संघबांधणीचा पाया धावांच्या हिशोबात आहे. बेसबॉल आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी एक सोपे सूत्र मांडले: केलेल्या धावांच्या वर्गाला केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागले की संघ किती प्रमाणात सामने जिंकेल याचा अंदाज मिळतो. १६२ सामन्यांच्या हंगामात ७५० धावा केल्या आणि ७५० दिल्या, तर ८१ विजय अपेक्षित असतात. फलंदाजी सुधारून ८०० धावा केल्या तर विजय सुमारे ८६ होतात. फलंदाजी तशीच ठेवून दिलेल्या धावा ७०० वर आणल्या, तर ते ८६ ते ८७ होतात. म्हणजे केलेल्या ५० धावा आणि वाचवलेल्या ५० धावा यांची किंमत जवळजवळ सारखीच, आणि साधारण दहा धावांमागे एक विजय. त्यामुळे ‘फलंदाजी महत्त्वाची की पिचिंग’ हा वाद मालकाला फारसा उपयोगी पडत नाही. त्याने विचारायचा प्रश्न असा: पुढच्या दहा धावा सर्वांत स्वस्त कुठे मिळतील?

हा प्रश्न येतो तो पगाराच्या मर्यादेमुळे. वॉटइफस्पोर्ट्सच्या नेहमीच्या लीगमध्ये संपूर्ण संघासाठी ८ कोटी डॉलरची काल्पनिक मर्यादा असते. खेळाडूची किंमत त्याच्या गुणवत्तेबरोबर त्याच्या कामाच्या प्रमाणावरही ठरते, आणि नवा मालक इथेच अडखळतो. सामना नऊ इनिंगांचा, म्हणून हंगामभरात पिचरना सुमारे १,४५८ इनिंग टाकाव्या लागतात. ज्या पिचरने खऱ्या हंगामात २१७ इनिंग टाकल्या, त्याला तीनशे इनिंग टाकायला लावले तर खेळातला थकवा त्याची धार घालवतो. उलट शिकागो व्हाइट सॉक्सच्या एड वॉल्शने १९०८ साली एकट्याने ४६४ इनिंग टाकल्या होत्या. असे तीन पिचर मिळाले तर जवळजवळ सगळा हंगाम भागतो. पण त्यांच्यावर झालेला खर्च फलंदाजीतून काढावा लागतो.

फलंदाजांचेही तसेच. क्रमवारीत एक जागा खाली गेले की हंगामात साधारण १८ वेळा कमी फलंदाजी मिळते, कारण १६२ सामन्यांचे शेवटचे फलंदाज नऊ जागांवर विखुरले जातात. म्हणून पहिल्या जागेवरच्या खेळाडूची हंगामभर टिकण्याची क्षमता विकत घ्यावी लागते, तर आठव्या-नवव्या जागेवर त्याहून बरीच कमी पुरते. एका जागेवर दोन अर्धवेळ खेळाडू ठेवण्याचा मार्गही मोठा उपयोगी आहे. डावखुऱ्या फलंदाजाला सहसा उजव्या हाताच्या पिचरविरुद्ध सोपे जाते आणि उजव्या फलंदाजाला डावखुऱ्याविरुद्ध. बाल्टिमोर ओरिओल्सचे व्यवस्थापक अर्ल वीव्हर यांनी डावखुऱ्या जॉन लोवेनस्टाइनला आणि उजव्या गॅरी रोनिकेला असेच आलटून पालटून खेळवले. १९८२च्या हंगामात दोघांनी मिळून ४५ होम रन मारले. खेळातला मालकही असे दोन मध्यम किमतीचे खेळाडू घेऊन एका महागड्या नावाचे काम भागवू शकतो.

वेगवेगळ्या काळांतले खेळाडू एकत्र येतात तेव्हा आकडे जसेच्या तसे वाचून चालत नाही. १९३० साली न्यूयॉर्क जायंट्सच्या बिल टेरीची फलंदाजीची सरासरी, म्हणजे यशस्वी फटक्यांचे प्रमाण, ०.४०१ होती. १९६८ साली बॉस्टनच्या कार्ल यास्त्रेम्स्कीने आपल्या लीगचा फलंदाजीचा किताब जिंकला तो केवळ ०.३०१ सरासरीवर. वरवर पाहता टेरी कितीतरी सरस वाटतो. पण १९३० साली टेरीच्या नॅशनल लीगची एकूण सरासरीच ०.३०३ होती, तर १९६८ साली यास्त्रेम्स्कीच्या अमेरिकन लीगची ०.२३०. आपापल्या लीगच्या तुलनेत दोघेही साधारण ३१-३२ टक्क्यांनी वर होते. पिचिंगमध्येही हेच दिसते. सेंट लुईसच्या बॉब गिब्सनने १९६८ साली नऊ इनिंगमागे (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या धावा वगळून) सरासरी १.१२ धावा दिल्या, तेव्हा त्याच्या लीगची सरासरी २.९९ होती. बॉस्टनच्या पेद्रो मार्टिनेझने २००० साली १.७४ दिल्या, पण त्या वर्षी अमेरिकन लीगची सरासरी ४.९१ होती. तुलनेने पेद्रोचा हंगाम किंचित सरस ठरतो. चांगले सिम्युलेशन खेळाडूला त्याच्या काळाशी ताडूनच शक्यता काढते. तेव्हा मालकाने निव्वळ आकडा पाहून पैसे मोजण्यात अर्थ नसतो, त्या काळच्या सरासरीपासून खेळाडू किती दूर होता ते पाहायचे असते.

संघाला आकार देणारी आणखी एक गोष्ट म्हणजे घरचे मैदान. बेसबॉलची मैदाने एका मापाची नसतात. डेन्व्हरचे कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचावर आहे. तिथली हवा विरळ, त्यामुळे चेंडू लांब जातो. कुंपणही दूर असल्याने क्षेत्ररक्षकांमधली मोकळी जागा मोठी राहते आणि दोन-तीन बेसचे फटकेही वाढतात. ह्यूस्टनचे जुने बंदिस्त ॲस्ट्रोडोम याच्या अगदी उलट, पिचरना साथ देणारे होते. हंगामातले ८१ सामने घरच्या मैदानावर होतात. होम रन अडवणारे मैदान निवडले की पिचरच्या होम रन देण्याच्या दोषाची झळ कमी लागते आणि असे स्वस्त पिचर उपयोगी पडतात. मात्र त्याच मैदानावर महागडे होम रन फलंदाज घेतले तर पैसे वाया जातात. तिथे बेस गाठणारे, धावणारे फलंदाज आणि चपळ क्षेत्ररक्षक हवेत. मैदान, पिचर आणि फलंदाज यांचा निर्णय म्हणूनच एकत्र घ्यावा लागतो.

इथपर्यंतचे गणित एकट्याने मांडता येते. खरी कसोटी लागते ती इतर मालकांमुळे. सगळ्यांच्या हाती तीच आकडेवारी असते आणि यशस्वी रीत लवकरच सर्वांना कळते. प्रत्यक्ष बेसबॉलमध्ये ओकलंड ॲथलेटिक्सने हा धडा घालून दिला. २००२ साली त्यांचा पगारखर्च सुमारे ४ कोटी डॉलर होता, न्यूयॉर्क यँकीजचा त्याच्या तिपटीहून अधिक. तरी दोन्ही संघांनी १०३ सामने जिंकले. याचे एक कारण वॉक: पिचरचे चार चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर पडले आणि फलंदाजाने ते सोडले, तर त्याला वॉक मिळून पहिला बेस गाठता येतो. असे वॉक मिळवण्याच्या गुणाला बाजार कमी भाव देत होता आणि ओकलंडने तो हेरला. २००३ साली मायकेल लुईस यांच्या ‘मनीबॉल’ पुस्तकाने ही कहाणी सर्वदूर पोचवली, इतर संघही त्याच गुणाच्या मागे लागले आणि त्याचा भाव चढला. ओकलंडची नक्कल म्हणजे वॉक घेणारे फलंदाज गोळा करणे, असा अर्थ घेतला तर धडा हुकतो. आज कोणत्या गुणाला बाजारात कमी भाव आहे, हे प्रत्येक हंगामात नव्याने शोधायचे असते.

नियम बदलले की हा शोध पुन्हा सुरू करावा लागतो. पगाराची मर्यादा वाढवलेल्या लीगमध्ये जवळजवळ प्रत्येक संघाकडे थोर पिचर असतात. तिथे मध्यम फलंदाज दबून जातात, आणि कमी मर्यादेत चालणारी काटकसर उपयोगी पडत नाही. प्रत्यक्ष खेळातले बदलही आकडेवारीतून आत येतात. अमेरिकेतल्या सर्वोच्च ‘मेजर लीग’ने २०२३ साली बेसचा आकार १५ इंचांवरून १८ इंच केला आणि पिचरने बेसवरच्या धावपटूला रोखण्यासाठी चेंडू टाकण्यावर मर्यादा घातली. चोरलेल्या बेसची, म्हणजे फटक्याविना धावून गाठलेल्या पुढच्या बेसची, संख्या २०२२ मधल्या २,४८६ वरून एका वर्षात ३,५०३ वर गेली. बेस चोरताना बाद झाल्याचे नुकसान बेस मिळाल्याच्या फायद्याहून मोठे असते, म्हणून चारपैकी साधारण तीन प्रयत्न सफल होत असतील तरच धावावे, असा जुना हिशोब आहे. यशाचे प्रमाण वाढले की वेगवान खेळाडूची किंमत आपोआप बदलते.

अनेक वर्षे चालणाऱ्या लीगमध्ये काळाचाही हिशोब येतो. फलंदाज साधारणपणे विशीच्या उत्तरार्धात ऐन भरात असतो आणि तिशीनंतर उतरणीला लागतो. तिशी ओलांडलेल्या नावाजलेल्या खेळाडूला लांब मुदतीचा करार देणे म्हणजे मागच्या कामगिरीचे पैसे पुढच्या वर्षांत मोजणे. संघ जिंकण्याच्या टप्प्यात असेल तर तरुण होतकरू देऊन तयार खेळाडू घ्यावा. गुणतक्त्याच्या मध्यावर अडकला असेल तर भरातले खेळाडू वेळीच देऊन तरुण जमवावेत. दोन्ही दगडांवर पाय ठेवणारा संघ बहुधा ८० विजयांच्या आसपास अडकून पडतो.

धोरण केव्हा बदलावे हे ओळखणे सर्वांत अवघड, कारण निकालात नशिबाचा वाटा मोठा असतो. नेमक्या सरासरी ताकदीचा संघ १६२ सामन्यांत ८१ जिंकेल अशी अपेक्षा असली, तरी निव्वळ योगायोगाने सहा विजय इकडे किंवा तिकडे होणे अगदी सामान्य आहे. टेक्सास रेंजर्सने २०१६ साली ७६५ धावा केल्या आणि ७५७ दिल्या. सूत्राप्रमाणे विजय ८२च्या आसपास हवे होते, पण ते ९५ झाले, कारण एका धावेच्या फरकाने सुटलेल्या सामन्यांपैकी ३६ त्यांनी जिंकले आणि फक्त ११ गमावले. पुढच्या हंगामात संघ ७८ विजयांवर आला. गुणतक्ता पाहून निर्णय घेणारा मालक अशा वेळी फसतो. चांगला बांधलेला संघ तो दोन वाईट आठवड्यांनंतर मोडतो, किंवा नशिबाने वर आलेला संघ तसाच ठेवतो.

म्हणून जाणता मालक विजयांआधी धावांमधला फरक पाहतो, आणि त्याच्याही आधी त्या धावांमागची कारणे: बेस गाठण्याचे प्रमाण, दिलेले वॉक आणि होम रन, पिचरचा थकवा, घरचे आणि बाहेरचे आकडे. पिचर थकत असतील तर ती रचनेतली चूक असते आणि ती लगेच दुरुस्त करावी. सारे आकडे ठीक असून निसटते सामने हरत असतील तर थांबावे. एका हंगामात एकच मोठा बदल केला तर त्याचा परिणाम ओळखता येतो. मैदान, पिचर आणि फलंदाजी तिन्ही एकदम बदलली तर कशाने काय झाले ते कळत नाही. लीगचे नियम, प्रतिस्पर्ध्यांच्या सवयी आणि उपलब्ध पैसा यांच्याशी जुळणारे धोरण तेवढ्यापुरते उत्तम असते, आणि यांतले काही बदलले की हिशोब पहिल्या दहा धावांपासून पुन्हा मांडावा लागतो.