विश्लेषण : मोठ्या वयात कण्याला बाक… व्यायाम की शस्त्रक्रिया?

जून हा स्कोलिओसिसविषयी, म्हणजेच पाठीचा कणा बाजूला वाकण्याच्या विकाराविषयी जनजागृतीचा महिना म्हणून जगभर पाळला जातो. या काळात चर्चा होते ती मुख्यतः शाळकरी मुलामुलींची. चाळिशी-साठी ओलांडलेल्या रुग्णांपुढचा प्रश्न वेगळा असतो. व्यायामावर भागेल की मणक्यांत स्क्रू आणि सळ्या बसवाव्या लागतील? हा निर्णय केवळ एक्स-रेवरील अंश पाहून घेता येत नाही. तो कशाच्या आधारे घ्यावा, याविषयी…

मोठ्यांमधील स्कोलिओसिस म्हणजे काय?

समोरून पाहिले तर निरोगी कणा सरळ रेषेत दिसतो. तो १० अंश किंवा त्याहून अधिक बाजूला कलला आणि सोबत मणक्यांना पीळ पडला, की त्याला स्कोलिओसिस म्हणतात. मोठ्या वयात तो दोन प्रकारे आढळतो. पहिल्या प्रकारात बाक किशोरवयातच आलेला असतो, पण त्रास नंतर सुरू होतो. दुसऱ्या प्रकारात मणक्यांमधील चकत्या आणि सांधे झिजतात, ती झीज दोन्ही बाजूंना सारखी होत नाही आणि कंबरेचा भाग एका बाजूला कलतो. हे दुर्मीळ नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात साठीपुढील ७५ स्वयंसेवकांची तपासणी करण्यात आली. त्यातील ६८ टक्के जणांच्या कण्यात असा बाक आढळला. तो असलेल्या प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही.

किती अंशांनंतर चिंता करावी?

बाक ‘कॉब कोना’त मोजतात. अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सक जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये ही पद्धत मांडली. बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला सर्वाधिक कललेले मणके निवडून त्यांच्या कडांना समांतर रेषा काढतात. त्या रेषांमधला कोन म्हणजे बाकाचे माप. या मोजणीत साधारण पाच अंशांची तफावत गृहीत धरली जाते. त्यामुळे मागच्या वर्षी ३१ अंश आणि यंदा ३४ अंश आले, म्हणजे बाक वाढलाच असे म्हणता येत नाही. एक्स-रे उभे राहून, मानेपासून खुब्यापर्यंत संपूर्ण कण्याचा काढलेला असावा. जुन्या फिल्म फेकू नयेत, कारण तुलना त्यांच्याशीच करायची असते.

आयोवा विद्यापीठातील वाइनस्टाइन आणि पोन्सेटी यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले, की हाडांची वाढ पूर्ण होताना ३० अंशांपेक्षा कमी असलेला बाक सहसा पुढे वाढत नाही. छातीच्या भागातील ५० ते ७५ अंशांचे बाक मात्र वर्षाला जवळपास एका अंशाने वाढत राहतात. याच विद्यापीठाने उपचार न घेतलेल्या ११७ रुग्णांचा सुमारे ५० वर्षे पाठपुरावा केला आणि त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील ६१ टक्के रुग्णांना जुनाट पाठदुखी होती, तर तुलनेसाठी घेतलेल्या इतर व्यक्तींमध्ये हे प्रमाण ३५ टक्के होते. तरीही रोजची कामे करण्यात दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. पुढे अंथरुणाला खिळावे लागेल, ही भीती बहुतेकांच्या बाबतीत अनाठायी ठरते.

व्यायामाने कणा सरळ होतो का?

मोठ्या वयात झालेला बाक व्यायामाने नाहीसा होईल, ही अपेक्षा ठेवू नये. ‘अमुक दिवसांत कणा सरळ’ अशा जाहिरातींपासून म्हणूनच सावध राहावे. वेदना कमी होणे, पाठीच्या स्नायूंचा दम वाढणे, उभे राहण्याची ढब सुधारणे हे मात्र शक्य आहे. जर्मनीच्या कॅथरिना श्रोथ यांनी १९२० च्या दशकात विकसित केलेली पद्धत आजही वापरात आहे. आरशासमोर बसून स्वतःचा कल ओळखणे, तो स्वतःच सावरणे आणि दबलेल्या बाजूच्या बरगड्यांत श्वास भरणे, हा तिचा गाभा आहे.

इटलीत १३० प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला २० आठवडे असे सावरण्याचे व्यायाम, दैनंदिन कामांचा सराव आणि दुखण्याची भीती घालवणारे समुपदेशन देण्यात आले. दुसऱ्या गटाला नेहमीची फिजिओथेरपी मिळाली. पहिल्या गटाचा त्रास अधिक कमी झाला आणि वर्षभरानंतरही हा फायदा टिकून होता. या रुग्णांचा बाक ३५ अंशांच्या आतला होता, हे मात्र लक्षात घ्यावे.

धावपटू उसेन बोल्टलाही स्कोलिओसिस आहे. पाठ आणि पोटाचे स्नायू बळकट ठेवण्यावर त्याने कारकीर्दभर भर दिला. मोठ्या वयात पट्टा बांधून बाक सुधारत नाही. वेदना वाढल्यास तो काही काळ आधार देतो, पण सतत वापरल्यास स्नायू दुबळे होतात. योगासने करणाऱ्यांनी हाडांची घनता तपासून घ्यावी. हाडे ठिसूळ असतील तर खोल पुढे वाकणे आणि पिळाची आसने टाळलेली बरी.

शस्त्रक्रियेत काय करतात?

पाठीमागून छेद घेऊन मणक्यांत स्क्रू बसवतात, ते धातूच्या सळ्यांनी जोडतात आणि तो भाग हाडाच्या तुकड्यांनी कायमचा सांधतात. नसांवर दाब असल्यास तोही मोकळा करतात. काही तास चालणाऱ्या या शस्त्रक्रियेत नसांचे काम यंत्रावर सतत तपासले जाते. हाड पूर्ण सांधायला सहा महिने ते वर्ष लागते. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, नसेला इजा, हाड न सांधणे, सळी तुटणे, सांधलेल्या भागाच्या वरचा मणका झुकणे असे धोके असतात. वय, मधुमेह आणि हाडांचा ठिसूळपणा यांमुळे ते वाढतात. निकोटिनमुळे हाड सांधण्यात अडथळा येतो. त्यामुळे केवळ सिगारेटच नव्हे, तर तंबाखू आणि मिश्रीही आधी सोडावी लागते.

दोन्हींची तुलना झाली आहे का?

उत्तर अमेरिकेतील नऊ केंद्रांमध्ये ४० ते ८० वर्षे वयाच्या, कंबरेतील बाकामुळे त्रास असलेल्या २८६ रुग्णांचा अभ्यास झाला. दोन वर्षांचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया झालेल्यांच्या वेदना आणि हालचाल स्पष्टपणे सुधारल्या. न झालेल्यांची स्थिती सरासरीने सुधारली नाही, तशी फारशी बिघडलीही नाही. चिठ्ठी टाकून बिगरशस्त्रक्रिया गटात गेलेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांनी पुढे शस्त्रक्रियाच निवडली, त्यामुळे थेट तुलना अवघड झाली. संशोधकांचा सल्ला साधा आहे. आहे त्या स्थितीत समाधानी असाल तर शस्त्रक्रिया नको. समाधानी नसाल आणि ठोस सुधारणा हवी असेल तर तिचा विचार करावा.

शस्त्रक्रियेकडे कधी वळावे?

काही महिने नियमित व्यायाम आणि औषधे घेऊनही वेदना जगणे अडवत असतील, बाक तफावतीपलीकडे वाढत असेल किंवा शरीर पुढे झुकू लागले असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. बाजूच्या बाकापेक्षा हा पुढचा झोक अधिक त्रासदायक ठरतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. थोडे चालल्यावर पाय भरून येणे आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरे वाटणे, हे नसांची जागा अरुंद झाल्याचे लक्षण असते. दादर स्थानकातून फूल बाजारापर्यंत जाताना दोनदा टेकावे लागत असेल तर केवळ वयाला दोष देऊ नये. लघवी-शौचावरील ताबा जाणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा पायाची ताकद झपाट्याने कमी होणे ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी व्यायाम करत थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांना काय विचारावे?

‘कोणत्या मणक्यापासून कोणत्या मणक्यापर्यंत सांधणार?’ हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. सांधलेला भाग पुन्हा वाकत नाही. सांधणी ओटीपोटाच्या हाडापर्यंत गेली, तर मांडी घालून जेवायला किंवा पूजेला बसणे, भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसणे, पायाची नखे कापणे कठीण होऊ शकते. गिरगाव-लालबागमध्ये लिफ्ट नसलेल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने आणि गर्दीच्या लोकलने कामावर जाणाऱ्याने सुरुवातीच्या महिन्यांचे नियोजन आधीच करावे. याउलट शस्त्रक्रियेआधीच दहा मिनिटे उभे राहून पोळ्या लाटणे जमत नसेल, तर वाकणे गमावून उभे राहणे मिळवण्याचा सौदा फायद्याचा ठरू शकतो. पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता किती, शल्यचिकित्सक वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करतात, हेही विचारावे. तातडी नसेल तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात काही गैर नाही.

उपचार कुठे मिळू शकतात?

परळचे केईएम हे महापालिकेचे रुग्णालय १९२६ पासून सुरू आहे. देशातील फिजिओथेरपीचे पहिले महाविद्यालयीन शिक्षण पन्नासच्या दशकात येथेच सुरू झाले. हाजी अली येथे केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. व्यायाम शिकण्यासाठी आधी या दोन्हींच्या बाह्यरुग्ण विभागांत चौकशी करता येईल. शस्त्रक्रियेच्या खर्चात स्क्रू-सळ्यांचा वाटा मोठा असतो, त्यामुळे अंदाजपत्रकात त्यांची रक्कम वेगळी मागावी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, मात्र ते ठरावीक उपचारांपुरतेच असते. आपली शस्त्रक्रिया आणि निवडलेले रुग्णालय यादीत आहे का, याची खात्री दाखल होण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राकडून करून घ्यावी.